दाण्यावरचे कलम

गोडेतेलाची एक लिटरची पिशवी रिकामी झाली की फेकण्यापूर्वी तिची एक कड कात्रीने कापा आणि नखाने पापुद्रे सुटतात का ते पाहा. पिशवी चांगल्या प्रतीची असेल तर सुटणार नाहीत. दिसायला एकच पातळ पदर, पण त्यात बहुधा पाच थर असतात. आतून-बाहेरून पॉलिएथिलीन, मधोमध नायलॉन. पॉलिएथिलीनमुळे पिशवीचे तोंड उष्णतेने चिकटवता येते आणि ओल अडते. हवेतला ऑक्सिजन मात्र त्यातून सहज शिरतो, आणि ऑक्सिजन शिरला की तेल खवट होते. तो अडवायचे काम नायलॉनचे. अडचण अशी की या दोघांचे एकमेकांशी मुळीच जमत नाही. पॉलिएथिलीन म्हणजे मेणाचा भाऊबंद, पाण्याला जवळ न करणारा. नायलॉन पाणी धरून ठेवणारा. दोघांना वितळवून एकमेकांवर दाबले तरी थंड झाल्यावर ते सुटे होतात. उरलेले दोन थर, केसाहून कितीतरी पातळ, या दोघांना बांधून ठेवण्यासाठी असतात.

या थरांमध्ये गोंद नसतो. तेही पॉलिएथिलीनच असते, फक्त त्याच्या लांबलचक साखळ्यांवर ठिकठिकाणी मॅलेइक अनहायड्राइड नावाचा एक छोटा रेणू बसवलेला असतो. वजनाने पाहिले तर तो शेकड्याला एक भागही नसतो. तेवढ्यावर नायलॉनशी पक्के रासायनिक नाते जुळते. या बसवण्याला रसायनशास्त्रात जो शब्द आहे तो माळ्यांकडून घेतलेला आहे, आणि आपल्याकडे त्याला नेमका शब्द तयारच होता: कलम.

कोकणात पावसाच्या तोंडावर आंब्याची कोय कलमे बांधतात. कोवळे रोप, कोवळी काडी, हवेत भरपूर दमटपणा आणि वर सावली. कडक ऊन लागले तर काडी सुकते आणि कलम धरत नाही. प्लास्टिकच्या दाण्यावरचे कलम उलट्या स्वभावाचे. इथे दमटपणा शत्रू आणि उष्णतेशिवाय पान हलत नाही. पण उष्णता किती, कुठे, किती वेळ आणि कितव्यांदा, यावर सगळे अवलंबून असते. माझ्या मते दाण्याने सोसलेली उष्णता हा त्याचा एक घटकच मानला पाहिजे. रसायनांची यादी तीच आणि मापे तीच ठेवूनही आच बदलली की माल वेगळा निघतो.

आधी दाण्याची ओळख करून घेऊ. प्लास्टिकच्या कारखान्यात कच्च्या मालाला दाणाच म्हणतात. 25 किलोच्या पोत्यात येतो, तीन-चार मिलिमीटरचा, साबुदाण्यासारखा. त्याच्या आत हजारो कार्बन अणूंच्या साखळ्या असतात. काही भागात त्या नीट घड्या घातल्यासारख्या रचलेल्या असतात. तो स्फटिक भाग. बाकी ठिकाणी गुंतवळासारख्या पसरलेल्या. तो अस्फटिक भाग. साखळीवर कार्बन आणि हायड्रोजन सोडून काही नाही, त्यामुळे ती कोणाशी सहजासहजी नाते जोडत नाही. म्हणूनच पॉलिएथिलीनच्या डब्यात लोणचे ठेवता येते आणि म्हणूनच त्यावर रंग टिकत नाही.

अशा साखळीवर कलम करायचे तर आधी तिला कुठेतरी छेद द्यावा लागतो. रसायनात छेद देणे म्हणजे एक हायड्रोजन अणू ओढून काढणे. हे काम पेरॉक्साइड करते. पेरॉक्साइडच्या रेणूत दोन ऑक्सिजन अणू एकमेकांना धरून बसलेले असतात आणि ही पकड फार कच्ची असते. कार्बन-कार्बन बंध तोडायला जेवढी ऊर्जा लागते तिच्या निम्मीसुद्धा इथे लागत नाही. तापवले की ही पकड सुटते आणि दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याजवळ एक एकटा इलेक्ट्रॉन उरतो. अशा तुकड्याला मुक्त मूलक म्हणतात. त्याला जोडीदार हवा असतो, म्हणून तो जवळच्या साखळीचा हायड्रोजन हिसकावतो. आता साखळीवर रिकामी जागा तयार होते. तिथे मॅलेइक अनहायड्राइडचा रेणू पोचला तर तो बसतो. कलम झाले.

ही आच मोजता येते. डायक्युमिल पेरॉक्साइड हे या धंद्यातले नेहमीचे पेरॉक्साइड घ्या. 115 अंश सेल्सिअसच्या आसपास ते निम्मे तुटायला साधारण 10 तास लागतात. 135 अंशांना 1 तास. 155 ला सहा मिनिटे. 175 ला एक मिनिट. 195 च्या पुढे गेलात तर काही सेकंद. शाळेत आपण शिकतो की दहा अंश वाढले की अभिक्रियेचा वेग दुप्पट होतो. इथे तो जवळपास तिप्पट होतो. म्हणजे पाच-सहा अंशांची चूकसुद्धा लहान नाही.

निम्मे तुटणे म्हणजे संपणे नव्हे. निम्म्याचे निम्मे, त्याचे निम्मे असे सहा वेळा झाले की शेकडा दीड भाग उरतो. तेव्हा ते संपले असे धरतात. आता हे यंत्राला लावून पाहू. कलम करण्याचे काम बहुतेक ठिकाणी दुहेरी स्क्रूच्या एक्स्ट्रूडरमध्ये होते. लांब पोलादी बॅरल, आत एकमेकांत अडकून फिरणारे दोन स्क्रू. हॉपरमधून दाणा आणि रसायने आत जातात, वितळतात, मळली जातात, पुढच्या तोंडातून शेवयांसारखी बाहेर पडतात, पाण्यात थंड होतात आणि कटरखाली पुन्हा दाणे होतात. आत राहण्याचा काळ साधारण एक ते दोन मिनिटे. 175 अंशांना सहा फेऱ्या व्हायला सहा मिनिटे लागतील. तेवढा वेळ दाण्याजवळ नाही. 190 ला हाच हिशेब सव्वा मिनिटाच्या आसपास येतो आणि बसतो. पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे खुर्च्या-डब्यांच्या प्लास्टिकचे, कलम करताना बॅरल 180 ते 200 अंशांदरम्यान का ठेवतात, त्याचे उत्तर या साध्या गणितात आहे.

मग सुरुवातीपासूनच 200 ठेवले तर? इथे फोडणी आठवा. तेल तापण्याआधी मोहरी टाकली तर ती तडतडत नाही. धूर निघेपर्यंत तापवून टाकली तर जळून कडू होते. हॉपरजवळचा पहिला भागच फार तापवला तर पेरॉक्साइड नीट मिसळण्याआधी एकाच जागी फुटते. तिथल्या साखळ्यांवर मूलकांची गर्दी होते आणि बाकीचा माल कोराच पुढे जातो. म्हणून पहिला भाग थंडसर, मग वितळवण्याचा भाग, मग मळण्याचा सर्वात गरम भाग, असा चढ ठेवतात. यातही एक फसगत आहे. पॅनेलवर दिसणारा आकडा बॅरलच्या पोलादाचा असतो. स्क्रूच्या घर्षणाने आतला वितळलेला माल त्याहून दहा-वीस अंशांनी गरम असू शकतो. स्क्रूचा वेग वाढवला की उष्णता वाढते, पॅनेलवर काहीही न दिसता. जुने ऑपरेटर बाहेर पडणाऱ्या मालाचा रंग, वास आणि धूर पाहून बॅरलमधले ओळखतात. हे ज्ञान पुस्तकी नसले तरी भरवशाचे असते.

आता या विषयातला सर्वात चमत्कारिक भाग. तेच पेरॉक्साइड, तीच आच. पण दाणा पॉलिएथिलीनचा असेल तर एक घडते आणि पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर नेमके उलट.

पॉलिएथिलीनच्या साखळीवर तयार झालेल्या दोन रिकाम्या जागा शेजारी आल्या तर त्या एकमेकींना धरतात. दोन साखळ्यांची गाठ बसते. अशा गाठी वाढल्या की माल घट्ट होतो, वाहीनासा होतो, आणि फिल्म काढताना तिच्यात माशाच्या डोळ्यासारखे ठिपके दिसू लागतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये दर दुसऱ्या कार्बनला एक बाजूची फांदी असते. हायड्रोजन सुटतो तो याच फांदीच्या सांध्यावरून. गरम मालात हा सांधा फार वेळ उघडा राहू शकत नाही. शेजारचा बंध तुटतो आणि साखळीचेच दोन तुकडे होतात. माल पातळ होतो.

हा पातळपणा मोजायची चाचणी सोपी आहे. 230 अंशांवर वितळलेला माल 2.16 किलो वजनाखाली बारीक छिद्रातून दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहतो ते पाहायचे. खुर्च्या-डब्यांच्या पॉलिप्रॉपिलीनचा आकडा साधारण दहाच्या घरात असतो. कलम करताना तो कित्येक पटींनी वर जाऊ शकतो. तुटलेल्या साखळ्यांचा माल चिकटेल, पण ताकद देणार नाही. आच वाढवली की कलम वाढते आणि साखळीही तुटते; दोन्ही वाढी एकाच मूलकातून येतात. म्हणून जास्तीत जास्त कलम हे उद्दिष्टच चुकीचे आहे. पुरेसे कलम आणि शाबूत साखळी, हा तोल साधायचा असतो. काही जण मदतीला थोडे स्टायरीन घालतात. ते उघड्या सांध्याला चटकन धरते, साखळीला तुटायला वेळ देत नाही, आणि मॅलेइक अनहायड्राइड मग स्टायरीनवर येऊन बसते.

हेच तुटणे कधी मुद्दाम घडवतात. 2020 मध्ये मास्कच्या मधल्या थराची एकाएकी टंचाई झाली. तो थर अतिशय बारीक तंतूंचा असतो. तसे तंतू काढायला हजारच्या पुढचा वाहता आकडा असलेले पॉलिप्रॉपिलीन लागते, आणि तसे ते करण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे पेरॉक्साइड आणि उष्णता. एका कारखान्यात जो बिघाड मानतात तो दुसरीकडे कृती म्हणून लिहिलेला असतो.

दाण्यात आधीपासून काय आहे, हेही पाहावे लागते. दाणा बनवणारी कंपनी त्यात ऑक्सिडेशन थांबवणारी द्रव्ये घालते, म्हणजे पुढे वितळवताना माल खराब होऊ नये. ही द्रव्ये मूलकांना गिळतात. ते त्यांचे कामच आहे. पण कलम करणाऱ्याला मूलकच हवे असतात. म्हणून एकाच नावाच्या दोन पोत्यांत, फक्त या द्रव्याचे प्रमाण वेगळे असल्याने, कलम कमी-जास्त बसू शकते.

वितळवल्याशिवायही कलम करता येते. पॉलिप्रॉपिलीनचा दाणा किंवा भुकटी वितळण-बिंदूच्या खाली, 100 ते 140 अंशांदरम्यान, रसायनांसह घोळवत ठेवायची. साखळ्या कमी तुटतात, हा मोठा फायदा. पण इथे उष्णतेचे वेगळेच रूप दिसते. रसायन फक्त अस्फटिक गुंतवळ्यात शिरू शकते. स्फटिकात त्याला वाव नाही. आता तोच दाणा आधी काही तास 130 अंशांवर नुसता ठेवला असेल तर? न वितळताही साखळ्या हळूहळू सरकतात, घड्या नीट होतात, स्फटिक जाड होतात. वरून पाहिले तर दाणा होता तसाच. आत मात्र कलमाची जागा आक्रसलेली. म्हणून घन अवस्थेतले कलम करायच्या दाण्याला आधी किती शेक बसला आहे हे विचारलेच पाहिजे. आकारही मोजावा लागतो. 3 मिलिमीटरच्या दाण्याऐवजी 0.3 मिलिमीटरची भुकटी घेतली तर तेवढ्याच वजनाला दसपट पृष्ठभाग मिळतो. त्यामुळे हे काम बहुधा भुकटीवर करतात.

रसायनाऐवजी किरणांनीही छेद देता येतो. कोबाल्ट-60 चे गॅमा किरण किंवा वेगवान इलेक्ट्रॉन साखळीवरचा हायड्रोजन उडवतात. त्यातले काही मूलक स्फटिकांत अडकून बराच काळ जिवंत राहतात. थंडीत ठेवले तर ते टिकतात. ऊब मिळाली की साखळ्या हलू लागतात, मूलक एकमेकांना भेटतात आणि विझतात. किरणोत्सार हवेत केला तर त्या जागांवर ऑक्सिजन बसून पेरॉक्साइड तयार होतात आणि मग तापवणे हाच कलमाचा आरंभ ठरतो. म्हणजे किरणांनंतर आणि रसायनाआधी दिलेला शेक कलम मारतो. रसायनासोबत दिलेला शेक कलम घडवतो. जपानी संशोधकांनी पॉलिएथिलीनच्या कापडावर किरणांच्या मदतीने असे कलम करून ते समुद्रात बुडवून ठेवले आणि 1999 ते 2001 या काळात समुद्राच्या पाण्यातून 1 किलोहून अधिक युरेनियमचा पिवळा लगदा मिळवला. एक टन समुद्राच्या पाण्यात युरेनियम असते सुमारे 3 मिलिग्रॅम, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कलमाची पकड कळते. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही या दिशेने काम केले आहे.

पुन्हा एक्स्ट्रूडरकडे येऊ, कारण कलम झालेला दाणा पोत्यात भरला की काम संपते असा समज आहे. मला तो खटकतो. मॅलेइक अनहायड्राइडच्या रेणूत पाच अणूंचे एक बंद कडे असते. नायलॉनच्या साखळीचे टोक या बंद कड्यावर झडप घालते आणि जोड पक्की होते. ओल लागली तर कडे उघडते आणि त्याचे आम्ल होते. आम्लही नायलॉनशी जुळते, पण सावकाश. आणि फिल्मच्या यंत्रात थर एकमेकांना भेटतात ते अगदी थोड्या वेळापुरते. आपल्या पावसाळ्यात पोते उघडे राहिले की हळूहळू हेच घडते. रसायनाचे प्रमाण तेवढेच, चिकटणे मात्र कमी.

उपाय पुन्हा उष्णताच. पॉलिप्रॉपिलीनचा दाणा 120 अंशांच्या आसपास, जमल्यास निर्वातात, काही तास ठेवला की पाणी सुटते आणि कडे परत बंद होते. त्याच शेकात दुसरेही एक काम होते. एक्स्ट्रूडरमध्ये न बसलेले मॅलेइक अनहायड्राइड दाण्यात सुटे राहिलेले असते. ते बाहेर निघते. ते सुटे राहिले तर पुढे नायलॉनची टोके आधी तेच अडवते आणि कलमाला जागा उरत नाही. प्रयोगशाळेतही ते फसवते, कारण मोजणीत बसलेले आणि सुटे दोन्ही एकत्र धरले जाते. म्हणून दाणा उकळत्या झायलीनमध्ये विरघळवतात आणि अ‍ॅसिटोनमध्ये ओततात. साखळ्या साक्याच्या रूपाने खाली बसतात, सुटे रसायन अ‍ॅसिटोनमध्ये राहते. मग साका सुकवून, तापवून, कडी बंद करून मोजणी. या पायऱ्या गाळून सांगितलेला कलमाचा आकडा मी मानत नाही.

शेकताना बाहेर पडणारी वाफ साधी नसते. डोळे आणि घसा चुरचुरतो, आणि वारंवार श्वासात गेली तर दम्यासारखा त्रास कायमचा मागे लागू शकतो. बॅरलच्या वेंटवर निर्वात पंप आणि पुढे वाफ धुणारे यंत्र असलेच पाहिजे. जिथे पंखा लावून भागवले जाते तिथे काम करणाऱ्याने ते थांबवून मालकाला सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

घरातला आणखी एक नमुना भिंतीतच आहे. बऱ्याच विजेच्या केबलींवर एक्सएलपीई, म्हणजे जाळीदार पॉलिएथिलीन, अशी अक्षरे छापलेली असतात. हेही कलम असू शकते, पण मॅलेइक अनहायड्राइडचे नव्हे, सिलेन या सिलिकॉनच्या संयुगाचे. डाऊ कॉर्निंगने 1970 च्या सुमारास ही रीत बाजारात आणली. पॉलिएथिलीनच्या दाण्यावर पेरॉक्साइडच्या मदतीने सिलेन बसवायचे आणि असा दाणा ओल लागू न देणाऱ्या पिशवीत बंद ठेवायचा. वापरताना त्यात कथिलाचे संयुग असलेला दुसरा दाणा, साधारण 95 ला 5 या प्रमाणात, मिसळून तांब्याच्या तारेवर आवरण चढवायचे. एवढे झाल्यावर मग पाणी मुद्दाम बोलवायचे. केबलची रिळे 80-90 अंशांच्या गरम पाण्यात किंवा वाफेच्या खोलीत तासन् तास ठेवतात. पाणी आवरणात झिरपते, शेजारच्या साखळ्यांवरच्या सिलिकॉन अणूंना ऑक्सिजनच्या पुलाने जोडते आणि सगळे आवरण एक जाळे बनते. उकळते पाणी नको, कारण पॉलिएथिलीन 110 अंशांच्या आसपास वितळते आणि त्याआधीच मऊ पडते. गार पाणी घेतले तर दिवस लागतात. आवरण दुप्पट जाड असेल तर वेळ चौपट, कारण पाण्याला झिरपत जायचे असते. इथे घाई केली तर वरचे कवच जाळीदार होते आणि तारेजवळचा भाग कच्चा राहतो.

साधी पीव्हीसी केबल 70 अंशांपर्यंत सतत चालते. ही 90 पर्यंत चालते, आणि शॉर्ट सर्किटच्या क्षणी तार 250 अंशांपर्यंत गेली तरी आवरण गळत नाही. खात्री करायची चाचणी अशी. आवरणाची एक पट्टी कापून 200 अंशांच्या ओव्हनमध्ये टांगतात, दर चौरस सेंटिमीटरला 20 न्यूटन एवढे वजन खाली अडकवतात आणि पंधरा मिनिटे थांबतात. कलम न केलेले पॉलिएथिलीन कधीच वितळून खाली पडलेले असते. कलम आणि जाळे नीट झालेली पट्टी ताणते, पण मूळ लांबीच्या 175 टक्क्यांहून अधिक ताणली जात नाही. वजन काढून ती थंड केली की पुन्हा आखडते, आणि तिच्यात कायमचा वाढावा 15 टक्क्यांहून जास्त भरला तर ती केबल नापास होते.